कुंकवी पाणी आणि धिंगरीचं काड

येवल्याचे मामा घरी आले की मी आधी त्यांची नखं बघते. त्या आठवड्यात कुठला रंग काढला ते नखांच्या कडांना दिसतं. मामा म्हणजे माझे मामेसासरे. पैठणीच्या रेशमाच्या लडी रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. साबण, लिंबू, राख सगळं घासून झालं तरी बोटांच्या पेरांत थोडा रंग राहतोच, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. "पक्का रंग आहे म्हणून राहतो," म्हणतात.

गेल्या कार्तिकात ते एसटीनं आले तेव्हा नखं कुंकवी होती आणि हातात तेलाचा पाच लिटरचा कॅन होता. कॅनमध्ये तेल नव्हतं, रंगाच्या पातेल्यातलं उरलेलं पाणी होतं. निफाडपर्यंत बसायला जागा मिळाली नाही, तर तो कॅन दोन पायांत दाबून उभ्यानं आले. ओट्यावर ठेवत म्हणाले, "घे सूनबाई, तुझ्या आळिंब्यांना पाज."

याला कारण मीच. महिनाभर आधी एका साखरपुड्यात मी त्यांना म्हटलं होतं, मामा, आमच्या धिंगरीचं वापरलेलं काड रंग खातं. धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम, काडावर वाढवतात ती खाण्याची बुरशी. मी सहज बोलले, पण त्यांनी ते डोक्यात ठेवलं. त्यांच्या घरामागून एक नाली जाते. गल्लीतली पोरं सकाळी त्या नालीत डोकावून आज कुठला रंग निघाला ते ओळखतात. त्यांच्या नातीनं एक दिवस विचारलं, आजोबा, हे पाणी पुढं कुठं जातं? मामा मला म्हणाले, "पस्तीस वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं गं. मी पण नाही विचारलं."

माझी मखमलाबादला धिंगरीची शेड आहे. त्याआधी मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, काही वर्षं लॅबमध्ये नोकरी केली. रंग खाणारी बुरशी मी पहिल्यांदा कॉलेजच्या प्रॅक्टिकलला बघितली. अगारमध्ये, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीत, रेमाझोल ब्रिलियंट ब्लू नावाचा रंग मिसळून प्लेटी ओतल्या होत्या, गर्द निळ्या, शाईच्या दौतीसारख्या. मध्यभागी बुरशीचा छोटा तुकडा ठेवायचा आणि उबवणीला लावायचं. चार-पाच दिवसांनी झाकण उघडलं तर बुरशीभोवती एक स्वच्छ पारदर्शक वर्तुळ. निळ्याच्या मधोमध जणू खिडकी उघडली होती. बुरशी अजून पोचली नव्हती अशा जागीही रंग गेला होता. आमच्या बाईंनी तिथं बोट ठेवून सांगितलं, ही तोंडानं खात नाही, आधी बाहेर रस सोडते आणि मग जेवते. ते वाक्य मला आजही तसंच आठवतं.

रस म्हणजे विकरं, एन्झाइम. मामांना मी ते लाकडावरून समजावलं. जुनं आंब्याचं खोड पडून राहिलं की कधी कधी आतून पांढरं, धाग्याधाग्याचं होतं, हातानं सोलता येतं. त्याला पांढरी कूज म्हणतात. लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निन त्या बुरशीनं काढून घेतलेलं असतं. लिग्निन हा निसर्गातला अवघड पदार्थ आहे, कारण त्याची रचना ठरलेली नसते. साखळीतल्या कड्या एकसारख्या असत्या तर एकाच मापाची कात्री पुरली असती. इथं प्रत्येक जोड वेगळा. म्हणून या बुरशींनी नेमक्या जोडावर बसणारी विकरं ठेवलीच नाहीत. त्यांची विकरं समोरच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, आणि मग तो रेणू आपला आपणच डळमळून तुटत जातो. समोर लिग्निन आहे की येवल्याचा कुंकवी रंग, याची त्यांना फारशी पर्वा नसते, कारण दोन्हीकडे बेंझीनसारखी, कार्बनच्या अणूंची गोल कडीच असते.

यातलं सगळ्यात जुनं ओळखीचं विकर लॅकेज. 1883 मध्ये जपानच्या हिकोरोकुरो योशिदा यांनी ते रोगणाच्या झाडाच्या चिकात ओळखलं. बुरशीत ते असतं हे त्यानंतर काही वर्षांनी कळलं. लॅकेजच्या एका रेणूत तांब्याचे चार अणू असतात. ते रंगाकडून इलेक्ट्रॉन घेतं, हवेतल्या ऑक्सिजनला देतं, आणि त्या ऑक्सिजनचं पाणी होतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशींपैकी फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीत 1983 मध्ये लिग्निन पेरॉक्सिडेज सापडलं आणि रंगांवरचं काम खऱ्या अर्थानं तिथून सुरू झालं. आमच्या धिंगरीकडे ते नाही. तिच्याकडे लॅकेज आहे आणि मँगनीजच्या मदतीनं चालणारं पेरॉक्सिडेज आहे. तोडणी झाल्यावर जे काड आपण उकिरड्यावर टाकतो, त्यात ही दोन्ही शिल्लक असतात. मला त्या काडाचं वाईट वाटायचं ते यासाठी.

नाशिकमध्ये बुरशीबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे लोक आधी चमकतात. द्राक्षवाल्यांचं अर्धं वर्ष भुरी आणि डावणी या बुरशीच्या रोगांशी भांडण्यात जातं. माझ्या माहेरी बाग होती. पहाटे ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू व्हायचा आणि मोरचूद-चुन्याची निळसर फवारणी अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसायची. या मिश्रणाला बोर्डो म्हणतात. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटरला एक किलो मोरचूद, लिटरला दहा ग्रॅम. मोरचुदात तांबं असतं, त्या तांब्यानं बुरशी मरते. आणि त्याच तांब्याशिवाय लॅकेज बनत नाही. प्रयोगशाळेत बुरशीला जास्त लॅकेज सोडायला लावायचं तर तिच्या पाण्यात मोरचूदच टाकतात, पण लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास. फवारणीच्या चाळीसाव्या हिश्शात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडिलांना फोन करून सांगितलं होतं.

आता कॅनकडे येते.

मामांच्या डब्यावर लाल ॲसिड रंग असं लिहिलेलं होतं, ॲझो कुळातला. आज बाजारात मिळणाऱ्या रंगांत हेच कूळ सगळ्यात मोठं. रेणूच्या मधोमध नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधानं जोडलेले असतात. हा बंध आणि दोन्ही बाजूंच्या कड्या मिळून रंग दिसतो. बंध तुटला की रंग जातो. तो तोडणं जिवाणूंनाही जमतं. गाळात, हवा नसलेल्या जागी ते हा बंध कापतात आणि पाणी बिनरंगी होतं. पण मागं अरोमॅटिक अमाईन उरतात, त्यांना रंग नसतो आणि त्यातले काही कर्करोग घडवणारे असतात. म्हणजे नालीतला लाल रंग पुढं जाऊन नाहीसा झाला, तर ती आनंदाची गोष्ट असेलच असं नाही. बुरशी हवेत काम करते, तिची वाट वेगळी आहे, म्हणून मला तिच्यावर जास्त भरवसा.

पहिल्या खेपेला मी घाई केली. दुसरी तोडणी झालेल्या एका बेडचं गव्हाचं काड कुस्करलं, मोठ्या काचेच्या बरणीत घेतलं, वर एक लिटर कुंकवी पाणी ओतलं, तोंडाला फडकं बांधलं. रोज दोनदा ढवळायचं, हवा मिळावी म्हणून. चौथ्या दिवशी पाण्यातला लाल गेला होता. मी बरणी खिडकीत ठेवून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. मामांचा लगेच फोन. "काय गं, नळाचं पाणी तर नाही घातलंस त्यात?" त्यांच्या आवाजातला आनंद मला अजून ऐकू येतो.

त्या रात्री बरणी धुवायला घेतली. काड पिळलं तर बोटांना लाल लागलं.

मी ते काड तसंच हातात धरून उभी राहिले. मग थोडं काड वाटीत घेऊन त्यावर स्पिरिट ओतलं. पाच मिनिटांत वाटी कुंकवी. बराचसा रंग तुटलाच नव्हता. पाण्यातून निघून काडावर जाऊन बसला होता. मामा रेशमावर चढवतात तसा मी तो काडावर चढवला होता. ते काड मी नेहमीसारखं शेणखतात टाकलं असतं, तर पहिल्या पावसात रंग परत वाहून गेला असता. एम.एस्सी. केलेल्या माणसानं तुलनेची बरणी न लावता फोटो पाठवावा, याची मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मामांना फोन करून खरं ते सांगितलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, "अजून चार लिटर आहे ना तुझ्याकडे?"

चार लिटर होतं. या वेळी चार बरण्या मांडल्या, प्रत्येकीत एक लिटर. पहिलीत नुसतं रंगाचं पाणी. दुसरीत जिवंत काड. तिसरीत तेवढंच काड, पण कुकरमध्ये वाफेवर मारलेलं, म्हणजे बुरशीही मेलेली आणि विकरंही निकामी. चौथीत जिवंत काड आणि ओळखीच्या सोनाराकडून तोलून आणलेला पाव ग्रॅम मोरचूद. काडही या वेळी निवडून घेतलं. पहिल्या तोडणीनंतरचं, पांढरं, दाट, हुंगलं तर मशरूमचा गोडसर वास येणारं. दोन-तीन तोडण्या झालेल्या काडात बुरशी थकलेली असते, हे शेडमध्ये मी रोज बघते, आणि पहिल्या वेळी तेच विसरले होते.

पहिली बरणी आठ दिवस तशीच लाल राहिली, इतकी की मागच्या भिंतीवर तिची लाल सावली पडायची. मेलेल्या काडाच्या बरणीतलं पाणी एका दिवसात फिकं झालं आणि तिथंच थांबलं, काड मात्र लालभडक. जिवंत काडाच्या बरणीत पहिले दोन दिवस तेच दिसलं, काड लाल. माझा धीर सुटत चालला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टॉर्च लावून बघितलं तर काडाच्या टोकांशी, जिथं बुरशीचे पांढरे पुंजके होते, तिथं लाल फिका पडला होता. पाचव्या दिवशी काड पुन्हा काडाच्या रंगाचं. सहाव्या दिवशी दोन्हीवर स्पिरिट ओतलं. मेलेल्या काडाचं स्पिरिट कुंकवी, जिवंतचं फिकट पिवळं. मी त्या दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसले. कॉलेजातल्या त्या निळ्या प्लेटीतली खिडकी वीस वर्षांनी पुन्हा दिसली.

मोरचूदवाल्या बरणीत एक दिवस लवकर रंग गेला. तरी मी ती वाट सोडली. रंग घालवायला पाण्यात तांबं टाकायचं आणि ते नालीत सोडायचं, हा सौदा मला मान्य नाही. तांब्यानं शेवाळ मरतं, मासे मरतात. धिंगरीला एक दिवस जास्त लागला तर लागू दे.

पाणी पूर्ण नितळ मात्र झालं नाही. चहाचं पाणी होतं तसं झालं. काडाचा स्वतःचा अर्क उतरतो त्यात, आणि त्याला आंबूस वासही येतो. असं पाणी नदीत सोडलं तर त्यातलं सेंद्रिय कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, म्हणून तेही वाळूच्या थरातून गाळून घ्यायला हवं. विषाचा अंदाज घ्यायला मी मूग लावले. ही जुनी आणि सोपी परीक्षा आहे. ताटलीत कागद, त्यावर वीस मूग, वर पाणी. नळाच्या पाण्यात 19 उगवले, मूळ रंगाच्या पाण्यात 8, तेही आखूड, तपकिरी टोकाच्या मुळांचे. धिंगरीच्या पाण्यात 16, मुळं लांब आणि पांढरी. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नाही, पण मुगाला खोटं बोलता येत नाही.

रेशमाच्या रंगाचं एक मला नंतर उमगलं. मामा रंगाच्या पातेल्यात ॲसेटिक ॲसिड घालतात, त्याशिवाय रेशीम रंग धरत नाही. त्यामुळे उरलेलं पाणी आंबट असतं, आणि धिंगरीच्या विकरांना आंबटच पाणी मानवतं. थंड होऊ दिलं की झालं, कारण गरम पाण्यात विकर शिजून जातं. सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग देतात तिथलं पाणी याच्या अगदी उलट. सोडा आणि मीठ भरपूर, आणि रंगाचा मोठा हिस्सा कापडावर न चढता पाण्यातच राहतो. ते पाणी आधी आंबट केल्याशिवाय, मीठ पातळ केल्याशिवाय बुरशी त्यात जगणार नाही. म्हणून कुणी मला विचारलं की मालेगावच्या सुती रंगाईचं पाणी असंच साफ होईल का, तर मी हो म्हणत नाही. वाहत्या नाल्यात काडाच्या गोण्या टाकून तर काहीच होणार नाही. चार-पाच दिवस एका जागी थांबलेलं, थंड, हवा मिळणारं पाणी, आणि तेही थोडं. एका रंगाऱ्याचा एक ड्रम. एवढ्यापुरतं मी छातीठोक सांगते.

आणि काळा. मामांच्या गडद रंगांत काही धातूचे रंग आहेत, क्रोमियम किंवा कोबाल्ट रेणूतच बांधलेलं असतं, म्हणून ते उन्हाला आणि धुण्याला इतके टिकतात. बुरशीनं तो रेणू तोडला तरी क्रोमियम क्रोमियमच राहतं. मूलद्रव्य कुणालाही खाता येत नाही. मामांना हे सांगायला मी येवल्याला गेले, फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. पातेल्याशेजारी बसून आम्ही एकेक डबा उचलला, लेबल वाचलं, दोन ढीग केले. मामांनी स्वतः खडूनं धातूच्या डब्यांवर फुली मारली. त्यांचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये जायचं, त्यात चुन्याची निवळी टाकून बसेल तेवढा धातू तळाला बसवायचा, आणि तो गाळ नालीत नाही, शेतातही नाही, बंद डब्यात. हा कामाचा वाढवा आहे, एका लडीमागे त्यांना एक पैसाही जास्त मिळणार नाही. त्यांनी हरकत घेतली नाही.

तिथं बसल्या बसल्या त्यांनी मला रंगाईतला मोठा शब्द समजावला. पक्का आणि कच्चा. आपल्याकडे रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारून आलेली पोरं पळसाच्या रंगाची होतात, दोन आंघोळींत उतरतात. तो कच्चा. 1856 मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला क्विनाईन बनवता बनवता जांभळा रंग सापडला, आणि तिथून पुढं माणसानं सगळी अक्कल रंग पक्का करण्यात घातली. ऊन लागलं तरी उतरू नये, घाम लागला तरी, साबण लागला तरी. नववधूची पैठणी तिच्या नातीच्या लग्नातही तशीच दिसावी म्हणून मामा जिवाचं रान करतात. तोच पक्केपणा पाण्यात उतरतो तेव्हा नदीलाही तो रंग उतरवता येत नाही. लिटरमागे एक मिलिग्रॅम रंगही डोळ्याला दिसतो. एक चमचाभर उरलेला रंग किती पिंपं रंगवेल याचा हिशोब मामांनी मनातल्या मनात केला आणि पातेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आपलं काम चांगलं झालं म्हणूनच हे झालं म्हणायचं." मी काही बोलले नाही. त्यांच्या कामाला मी कधीच वाईट म्हणणार नाही.

आता त्यांच्या मागच्या अंगणात दोन निळे ड्रम आहेत. एकावर खडूनं फुली, एकावर नाही. फुली नसलेल्यात तळाला विटा, त्यावर बांबूची जाळी, त्यावर पोत्यात भरलेलं काड, आणि माशांच्या टाकीला लावतात तो छोटा हवेचा पंप. नातीकडे त्या पंपाची जबाबदारी आहे. एक पोतं दोन भरण्या नीट काढतं. तिसऱ्याला हिरवी बुरशी धरते, ट्रायकोडर्मा. आमच्या इथले बागाईतदार ती पैसे देऊन आणतात आणि मुळांशी सोडतात, धिंगरीची मात्र ती वैरीण. हिरवं दिसलं की पोतं बाहेर काढायचं, स्पिरिटची वाटी करून बघायची, रंग सुटला नाही तरच खतात.

काल रात्री मामांचा फोन होता. पुढच्या आठवड्यात मोरपंखीची ऑर्डर आहे, सोळा लडी. मोरपंखीच्या डब्यावरचं कूळ ॲझो नाही, त्यावर धिंगरी किती दिवस घेईल ते बरण्या लावूनच बघावं लागेल, मेलेल्या काडाची बरणी धरून. मी पहिली तोडणी झालेले आठ बेड बाजूला काढलेत. सकाळच्या बसनं पोती पाठवायची आहेत, आणि परत येताना कंडक्टरकडे पाच लिटरचा कॅन द्यायला सांगितलं आहे.